पायरेट्सच्या शेतातलं पीक कसं जोखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "पिट्सबर्गला येऊन सहा वर्षं झाली. मुलाच्या नादानं इथल्या बेसबॉल संघाचे, पायरेट्सचे, सामने बघायला लागलो. दरवर्षी ऐकतो की यांची फार्म सिस्टम (खालच्या संघांतून खेळाडू तयार करण्याची यंत्रणा) देशातल्या चांगल्यांपैकी आहे, पुढची पिढी तयार होतेय. मोठा संघ मात्र २०१५ नंतर प्लेऑफला (हंगामाअखेरच्या बाद फेरीला) गेलेला नाही. फार्म सिस्टमच्या या क्रमवारी याद्यांवर विश्वास किती ठेवायचा? मायनर लीगमधली (मोठ्या लीगखालच्या लीगांमधली) पोरं आणि नुकतेच ड्राफ्टमध्ये (शाळा-कॉलेजांतून नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत) घेतलेले खेळाडू, यांत खरा कोण हे आपल्यासारख्यानं ओळखायचं कसं?"

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. मी मूळचा सांगलीचा, गेली बावीस वर्षं पेनसिल्व्हेनियात. पोट संगणकावर भरतं, पण त्यातली अकरा वर्षं मी एका संघासाठी (पायरेट्स नव्हे) अर्धवेळ स्काउट (नवे खेळाडू हेरणारा) म्हणून हिंडलो. वसंतात शाळा-कॉलेजांची मैदानं, उन्हाळ्यात इथल्याच अल्टूना गावचं मैदान. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्यात वही, पैसे जेमतेम पेट्रोलपुरते. ते काम आता सोडलंय, सवय सुटलेली नाही.

हे लिहितोय तेव्हा २०२५ चा हंगाम संपून हिवाळा लागलाय. पायरेट्स ७१ सामने जिंकले, ९१ हरले, आणि तीस संघांत सर्वांत कमी धावा त्यांच्या. त्याच संघातल्या पॉल स्कीन्स या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) १.९७ ईआरएसाठी (नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी) एकमतानं साय यंग हा उत्तम पिचरचा पुरस्कार मिळाला. म्हणजे शेतात पीक आलं हे खरंच आहे. ते एकाच जातीचं आलं. पिचर पिकले, बॅटर पिकले नाहीत. यादी सगळ्यांची गोळाबेरीज करून एक क्रमांक देते, त्यात हा फरक दिसत नाही. म्हणून यादी वाचताना पहिल्यांदा क्रमांकाकडे बघू नका, वरच्या दहांत पिचर किती आणि बॅटर किती ते मोजा.

मग शिडी समजून घ्या. २०२१ च्या फेररचनेनंतर प्रत्येक मोठ्या संघाखाली चार पूर्ण हंगामाचे संघ असतात. पायरेट्सचे आहेत फ्लोरिडातलं ब्रॅडेंटन (सिंगल-ए), नॉर्थ कॅरोलिनातलं ग्रीन्सबोरो (हाय-ए), आपलं अल्टूना (डबल-ए) आणि इंडियानापोलिस (ट्रिपल-ए). त्याच्याही खाली फ्लोरिडातली कॉम्प्लेक्स लीग आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी लीग. या शिडीतली खरी अवघड पायरी डबल-ए. खालच्या पायऱ्यांवर नुसत्या वेगावर पिचर पोरांना गारद करतात आणि नुसत्या ताकदीवर बॅटर चेंडू बाहेर घालवतात. डबल-एमध्ये पिचरला वेगवान चेंडूखेरीज दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारचे चेंडूही हवेत तिथे टाकता येतात, आणि बॅटरला कळतं की हा चेंडू सोडायचा. ट्रिपल-एमध्ये जुनेजाणते, वरखाली करणारे खेळाडू पुष्कळ असतात, त्यामुळे तिथले आकडे मला नेहमी थोडे गढूळ वाटत आले.

आता वय. मला एकच रकाना बघायची परवानगी दिली तर मी हाच बघेन. सिंगल-एमध्ये साधारण वीस-एकवीस, हाय-एमध्ये बावीसच्या आसपास, डबल-एमध्ये तेवीस-चोवीस अशी सरासरी धरून चला. चोवीस वर्षांचा बाप्या ब्रॅडेंटनमध्ये .३२० च्या सरासरीनं (हजार संधींत ३२० यशस्वी फटके) खेळत असेल तर कौतुक करा आणि पान उलटा. एकोणीस वर्षांचा मुलगा अल्टूनात .२६० नं खेळत असेल तर खुर्ची ओढून बसा. आपल्याला हे समजावून सांगावं लागू नये. सचिननं डिसेंबर १९८८ मध्ये रणजी पदार्पणात गुजरातविरुद्ध शतक काढलं, तेव्हा त्या शतकापेक्षा मोठी बातमी होती त्याचं पंधरा वर्षांचं वय. आणि कल्याणमध्ये जानेवारी २०१६ मध्ये शालेय सामन्यात एका मुलानं नाबाद १००९ काढल्या, तेव्हा जाणत्यांनी आधी काय विचारलं? समोर कोण होतं, आणि सीमारेषा किती लांब होती.

कॉनर ग्रिफिनबद्दल एवढा गाजावाजा का, हे या रकान्यावरूनच कळतं. एप्रिल २००६ चा जन्म. मिसिसिपीतल्या शाळेतून २०२४ मध्ये नवव्या क्रमांकावर घेतला, सुमारे ६५ लाख डॉलर बोनस. पुढच्याच वर्षी, म्हणजे व्यावसायिक म्हणून पहिल्या पूर्ण हंगामात, ब्रॅडेंटन, ग्रीन्सबोरो, अल्टूना अशा तीन पायऱ्या चढत त्यानं .३३३ ची सरासरी, २१ होम रन (कुंपणाबाहेर मारलेले फटके) आणि ६५ चोरलेले बेस (पिचरची नजर चुकवून पळून गाठलेले पुढचे टप्पे) केले. तोही शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षणातल्या अवघड जागी खेळून. एकोणिसाव्या वर्षी. तरीही २०२४ च्या वसंतात याच मुलाच्या बॅटीला चेंडू लागेल का, यावर स्काउटांमध्ये उघड दोन तट होते. शरीर, वेग, हात सगळं डोळे दिपवणारं. स्विंग मात्र शंकास्पद. आठ संघ त्याला सोडून पुढे गेले ते काही आंधळे नव्हते. त्यांनी तेव्हाचा स्विंग बघितला, पायरेट्सनी बदलता येईल असा स्विंग बघितला. त्यातला किती भाग नजरेचा आणि किती नशिबाचा, हे माझ्याच्यानं सांगवत नाही. एक सावधगिरी मात्र ठेवा: अल्टूनात तो जेमतेम महिनाभर खेळलाय. अवघड पायरीवरचा पुरावा सर्वांत थोडा आहे.

मैदानाचं आता जरा सविस्तर सांगतो, कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. काही वर्षांपूर्वी ग्रीन्सबोरोला चार दिवस बसून एका फर्स्ट बेसमनवर मी मोठ्या आत्मविश्वासानं अहवाल लिहिला. चार दिवसांत तीन होम रन, दोन उजवीकडे, एक डावीकडे. ताकदीला, २० ते ८० च्या मापावर, साठ गुण दिले. वरिष्ठांनी फोन करून एवढंच विचारलं, "यातले किती अल्टूनात कुंपणाबाहेर गेले असते?" मी गप्प. ग्रीन्सबोरोचं मैदान होम रनच्या बाबतीत फार उदार आहे, हे मला माहीत होतं. डोळ्यांसमोर चेंडू उडताना ते विसरायला झालं. त्या मुलाला पुढे डबल-एमध्ये ताकद अशी दाखवताच आली नाही. उलट ब्रॅडेंटन ज्या फ्लोरिडा स्टेट लीगमध्ये खेळतो तिथली मैदानं मोठ्या संघांच्या वसंत सरावाची, प्रशस्त, हवा दमट. तिथे दहा होम रन मारणारा मुलगा ग्रीन्सबोरोत वीस मारेल, आणि लोक म्हणतील बघा कशी प्रगती केली. मुंबईत कांगा लीगच्या ओल्या खेळपट्टीवरच्या तीस धावा आणि हिवाळ्यातल्या पाटा खेळपट्टीवरच्या तीस धावा कोणी एका मापानं मोजत नाही. इथेही मोजू नका. पायरेट्सचा बॅटर ग्रीन्सबोरोत असेल तर त्याचे घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवरचे आकडे वेगळे काढा, पाच मिनिटांचं काम आहे.

सरासरी आणि होम रन यांच्या आधी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) आणि वॉक (पिचरच्या चार वाइट चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस) बघा. चार वेळा बॅटिंगला येऊन एकदा तरी स्ट्राइकआउट होणारा मुलगा सिंगल-एमध्ये असेल, तर वर गेल्यावर ते प्रमाण क्वचितच कमी होतं. ग्रिफिनचं प्रमाण पाचात एकच्या आसपास राहिलं, एवढ्या लांब हातापायांच्या मुलाला ते चांगलंच म्हणायचं. वॉकचं मात्र फसवं असतं. खालच्या पायरीवर पिचरच रानोमाळ टाकत असतात, तिथे उभं राहिलं तरी वॉक मिळतो. पायरेट्सच्याच टर्मार जॉन्सनकडे बघा. २०२२ मध्ये चौथ्या क्रमांकावर घेतला तेव्हा शाळकरी बॅटरांमध्ये याच्यासारखा हात नाही असं सगळे म्हणत. मायनरमध्ये त्यानं वॉक भरपूर घेतले, पण चेंडू कडकडून मारल्याचं त्या मानानं कमी दिसलं. लहान चणीच्या सेकंड बेसमनकडे घ्यायला बॅटशिवाय दुसरं फारसं काही नसतं, त्यामुळे बॅट पन्नासची निघाली तरी अडचण होते. मी त्याला सोडून दिलेला नाही. पण २०२२ ची ती वाक्यं आज उगाळण्यात अर्थ नाही.

पन्नासची म्हणजे काय, ते सांगायचं राहिलं. स्काउट २० ते ८० या मापावर गुण देतात. ५० म्हणजे मोठ्या लीगमधला सरासरी खेळाडू, आणि दर दहा गुणांना एक पायरी. बॅटरचे पाच गुण: चेंडू लागणं, ताकद, धावणं, क्षेत्ररक्षण, फेक. यातलं धावणं तुम्ही स्वतः मोजू शकता. बॅटला चेंडू लागल्याच्या आवाजाला घड्याळ सुरू, पाय पहिल्या बेसला लागला की बंद. उजव्या हाताच्या बॅटरला ४.३ सेकंद म्हणजे पन्नास, डावखुऱ्याला ४.२, कारण तो बेसच्या एक पाऊल जवळ उभा असतो. फक्त जीव तोडून पळालेली वेळच धरा. साधा ग्राउंडर मारून रेंगाळत जाणाऱ्याची वेळ वहीत लिहिली की वही बिघडते. लोकांचा गैरसमज असा की पन्नास म्हणजे मध्यम, टाकाऊ. अहो, मोठ्या लीगमध्ये सरासरी असणं ही फार थोड्यांना जमणारी गोष्ट आहे. कुठल्याही संघाच्या तीस होतकरू खेळाडूंच्या यादीत खालचे पंधरा-वीस एकूण चाळीसचेच असतात, म्हणजे नशीब असेल तर बाकावर बसणारे. यादी तीस नावांची असते कारण प्रकाशकाला तीस हवी असतात.

आणि आकडे फुकट मिळतात तिथून घ्या. ट्रिपल-ए आणि फ्लोरिडा स्टेट लीग या दोन्ही ठिकाणचा चेंडूचा वेग, बॅटवरून सुटतानाचा वेग, हे सगळं एमएलबीच्या सार्वजनिक संकेतस्थळावर असतं. तुमच्या सुदैवानं पायरेट्सचे पहिल्या आणि शेवटच्या पायरीवरचे दोन्ही संघ त्यात येतात. मधल्या दोन पायऱ्यांवर डोळ्यांवरच भागवावं लागतं. ताशी ९५ मैलांच्या वर सुटलेले चेंडू जोरात मारलेले धरतात. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा एकदा जरी ११० ला पोचला असेल, तर सरासरी .२३० असली तरी त्याचं नाव लिहून ठेवा, कारण त्याचं शरीर अजून भरायचंय. हंगामाच्या तिसाव्या दिवशीची बॅटिंग सरासरी हे फार लवकर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं.

पिचरांबद्दल थोडक्यातच, कारण तिथे कोणाचंच फारसं चालत नाही. कोपराचा एक अस्थिबंध तुटला की वर्ष-दीड वर्ष गेलं. या संघातलाच जॅरेड जोन्स २०२४ मध्ये झोकात आला आणि २०२५ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया होऊन घरी बसला. हंटर बार्कोची उलटी गोष्ट: कॉलेजातच शस्त्रक्रिया झाली, म्हणून घसरून दुसऱ्या फेरीत मिळाला, आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मोठ्या मैदानावर उभा होता. पिचर बघताना मी रडार गनकडे दर डावात एकदाच बघायचो. बाकी वेळ कॅचरच्या हातमोज्याकडे. हातमोजा जिथे मांडला तिथेच चेंडू येतोय, की कॅचर प्रत्येक वेळी हात लांबवतोय? पाचव्या डावात तेच चित्र राहतंय का? ९८ मैलांचा फास्टबॉल असलेले पण हातमोजा चुकवणारे पोरगे दर गावात एक आहेत.

आता ड्राफ्ट. इथे बहुतेक चाहते एक चूक करतात: प्रत्येक निवड सुटी बघतात. २०१२ पासून पहिल्या दहा फेऱ्यांसाठी प्रत्येक संघाला मिळून बोनसच्या पैशांची एक थैली मिळते. प्रत्येक क्रमांकाला ठरलेली किंमत असते, पण थैलीतला पैसा इकडचा तिकडे करता येतो. थैली पाच टक्क्यांहून जास्त ओलांडली तर पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड जाते, त्या भीतीनं कोणी ती रेषा ओलांडत नाही. हा नियम यायला पायरेट्सचाही हातभार आहे. २०११ मध्ये त्यांनी पहिल्या क्रमांकावर गेरिट कोलला ८० लाख दिले आणि दुसऱ्या फेरीत जॉश बेलला ५० लाख. दुसऱ्या फेरीत एवढा पैसा कोणी पाहिला नव्हता. पुढच्या वर्षी दारं बंद झाली.

२०२१ चा ड्राफ्ट या नजरेनं वाचा. पहिला क्रमांक पायरेट्सचा. त्या जागेची किंमत ८४ लाखांच्या वर. त्यांनी लुइव्हिल विद्यापीठाचा कॅचर हेन्री डेव्हिस घेतला आणि ६५ लाखांत करार केला. उरलेल्या पैशांतून पुढच्या फेऱ्यांत कॉलेजकडे निघालेली शाळकरी पोरं जास्त पैसे देऊन वळवली. त्यात तिसऱ्या फेरीत एक होता बबा चँडलर. जॉर्जियाचा मुलगा, क्लेमसन विद्यापीठात फुटबॉलचा क्वार्टरबॅक म्हणून जायला निघालेला, ३० लाखांना अडवला. सुरुवातीला बॅटिंगही करायचा, मग नुसता पिचर झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पिट्सबर्गला आला तो शंभरच्या घरातला फास्टबॉल घेऊन. डेव्हिस २०२४ मध्ये मोठ्या लीगमध्ये .१४४ नं खेळला. "पहिल्या क्रमांकावर डेव्हिस ही घोडचूक" असं लोक बिनदिक्कत म्हणतात. थैलीचा हिशेब केला तर चँडलर डेव्हिसच्या खिशातूनच आलाय. मला विचाराल तर त्या वर्षाला मी अजून नापास करणार नाही, काठावर ठेवेन. कॅचरला पिकायला वेळ लागतो हेही खरं, आणि पहिल्या क्रमांकाकडून याहून जास्त हवं हेही खरं.

करार झालाच नाही तर काय होतं, याचाही धडा याच संघाकडे आहे. २०१२ मध्ये आठव्या क्रमांकावर त्यांनी स्टॅनफर्डचा पिचर मार्क अ‍ॅपल घेतला. ३८ लाख त्यानं नाकारले आणि परत कॉलेजात गेला. पुढच्या वर्षी ह्यूस्टननं त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं, आणि मोठ्या लीगमध्ये पाऊल ठेवायला त्याला २०२२ साल उजाडलं, तेही फिलाडेल्फियाकडून. पायरेट्सना भरपाई म्हणून नववी निवड मिळाली, त्यांनी ऑस्टिन मेडोज घेतला. नशीब फळफळलं म्हणायचं, तर २०१८ मध्ये मेडोज आणि ग्लासनाउ व शेन बाझ हे दोन पिचर असे तिघं टँपा बे संघाला देऊन पिचर ख्रिस आर्चर आणला. चांगले खेळाडू ओळखणं आणि ते टिकवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. फार्म सिस्टमची कुठलीच यादी दुसऱ्या विद्येचे गुण मोजत नाही.

२०२३ च्या ड्राफ्टमधल्या स्कीन्सबद्दल एकच सांगतो. त्याच्याच कॉलेजचा डिलन क्रूज हा आउटफिल्डर अनेकांना जास्त खात्रीचा वाटत होता. पिचरचा हात मोडतो, बॅटर टिकतो, हे शहाणपण. पायरेट्सनी ९२ लाखांना पिचर घेतला, दहा महिन्यांत तो मोठ्या संघात होता, आणि क्रूज अजून चाचपडतोय. यावरून "पिचरच घ्यावा" असा नियम काढू नका. एकवीस वर्षांचा, कॉलेजातल्या उत्तम बॅटरांपुढे एका हंगामात २०९ स्ट्राइकआउट घेतलेला मुलगा वेगळा, आणि २०२५ मध्ये सहाव्या क्रमांकावर घेतलेला सेथ हर्नांडेझ वेगळा. हर्नांडेझ कॅलिफोर्नियातल्या कोरोना हायस्कूलचा. त्या एका शाळेतून त्या वर्षी पहिल्या फेरीत तिघं गेले. हात शंभर मैलांचा, चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला फसवा चेंडू) त्याहून सुंदर, बोनस साडेबहात्तर लाख. पण शाळकरी उजव्या हाताचा पिचर हा ड्राफ्टमधला सर्वांत धोक्याचा सौदा समजतात. अशा मुलाला आजवर एकाही संघानं पहिल्या क्रमांकावर घेतलेलं नाही. २०२६ मध्ये त्याचा ईआरए किती, याकडे बघूच नका. किती आठवडे विनातक्रार टाकतो आणि तिसऱ्या प्रकारचा चेंडू तयार होतो का, एवढंच बघा. त्याच्याबद्दल मत बनवायला मी २०२८ पर्यंत थांबेन.

कॉलेजच्या बॅटरांबाबत आणखी एक: कॉलेजात धातूची बॅट असते, व्यावसायिक खेळात लाकडाची. म्हणून त्यांचे केप कॉडच्या उन्हाळी लीगमधले, लाकडी बॅटीचे आकडे शोधा. आणि ड्राफ्ट जुलैत होतो, त्यानंतर हंगामाचे दोनेक महिने उरतात. मुलगा फेब्रुवारीपासून खेळून पिचलेला असतो. त्या दोन महिन्यांच्या आकड्यांवर हसू नका, रडूही नका. पिचर तर बहुतेक संघ तेव्हा मैदानात उतरवतच नाहीत.

तुम्ही शेवटी सहज विचारलंय की पायरेट्सनी कधीकाळी भारतातली पोरं घेतली होती ते खरं का. खरं आहे. २००८ मध्ये एका प्रतिभाशोध स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघंही उत्तर प्रदेशातले, दोघंही भालाफेकीतले. बेसबॉल कधी हातात न धरलेले. दिनेश दोन वर्षांत परतला. डावखुरा रिंकू सिंगल-एपर्यंत चढला आणि दुखापतींनी अडला. पुढे तो कुस्तीच्या रिंगणात गेला. लोक याला गंमत म्हणून सोडून देतात. मला त्यात स्काउटिंगचा एक शुद्ध प्रयोग दिसतो: नुसता हात घेतला, खेळ शून्य. नुसत्या हातावर माणूस कुठवर चढतो? सिंगल-एपर्यंत. त्यापुढची शिडी लहानपणापासून मुरलेल्या खेळाची आहे.

मुलाला घेऊन मे महिन्यात एकदा अल्टूनाला जा, दोनेक तासांचा रस्ता आहे. उजव्या कुंपणामागे लाकडी रोलर कोस्टर दिसतो, मुलगा खूश होईल. तिकीट होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागचं, थोडं पहिल्या बेसच्या बाजूचं घ्या. सराव सुरू होतो त्याच्या आधी पोचा. बॅटर सरावात काय करतो त्यापेक्षा स्ट्राइकआउट होऊन डगआउटमध्ये परतल्यावर काय करतो ते बघा. स्टॉपवॉच मुलाच्या हातात द्या. त्याची बोटं तुमच्यापेक्षा चपळ असतात.